आजीबाईचा बटवा, डब्यातला खाऊ आणि खिडकीतल्या कुंड्या: काय चालते, कोणाला चालत नाही

"सध्या कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले की रुग्ण रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, कधी पित्ताची गोळी अशी यादी सांगतात. मग मी मुद्दाम विचारते, "काढा, चूर्ण, रस असे काही?" त्यावर बहुतेक वेळा उत्तर येते, "ते हो, पण ते घरचेच आहे."

घरचे म्हणजे औषध नव्हे आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, अशी आपली समजूत असते. पण ज्या पदार्थाचा शरीरावर गुण येतो, त्याचा अवगुणही येऊ शकतो. घरच्या उपायांपैकी काही इतके चांगले आहेत की मी ते चिठ्ठीवर लिहून देते. काही निरुपद्रवी आहेत, म्हणजे त्यांनी बरे वाटते आणि बिघडत काही नाही. आणि काहींमुळे तान्ही मुले रुग्णालयात दाखल करावी लागतात. हा फरक पदार्थ पाहून कळत नाही. तो कोणाला दिला, किती दिला आणि किती दिवस दिला, यावर ठरतो. पुढे जे लिहिले आहे ते याच तीन प्रश्नांच्या अंगाने वाचा.

साखर-मीठ-पाणी: सगळ्यांत मोठा घरगुती उपाय

जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ही त्याच तत्त्वावर बनलेली आहे.

पुडी मिळाली तर पुडीच वापरा, कारण तिच्यात पोटॅशियमही असते आणि प्रमाण अचूक असते. रात्री-अपरात्री ती नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा ५ मिलिलिटरचा धरला आहे. 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा आहे. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर लहान मुलाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. आतड्याच्या आवरणातून साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि आपल्यामागे पाणी ओढून नेतात, म्हणून दोन्ही हवीत आणि ठरलेल्या प्रमाणातच हवीत. चव घेऊन पाहा: अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून द्या आणि नवे करा. केलेले पाणी २४ तासांनंतर वापरू नका.

२ वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, चमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा, पण आणखी हळू. अंगावरचे दूध बंद करू नका. पेज, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात-वरण चालू ठेवा. बाटलीबंद शीतपेय आणि खोक्यातला फळांचा रस मात्र नको, त्यांत साखर फार असते. मुलांना यासोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकची गोळी दिली जाते. जुलाब थांबले तरी ती पूर्ण करायची असते.

शौचात रक्त असेल, ६ ते ८ तासांत लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, मूल सुस्त पडले असेल किंवा पाजलेले काहीच पोटात ठरत नसेल, तर घरी थांबू नका.

खोकला, घसा, सर्दी

खोकल्यावर मध हा चांगला उपाय आहे. झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध घेतल्याने मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. आले, लिंबू घालायचे तर घाला. पण १ वर्षाखालील बाळाला मध अजिबात नाही, बोटावर लावून चाटवायलाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाचे आतडे त्यांना रुजू देत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडत जातात. आधी शी कडक होते, मग रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान टाकते. हा आजार विरळा आहे, पण मध उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत. जन्मल्यावर बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत तुमच्या घरात असेल, तर अंगठी बाळाच्या तळहाताला लावा आणि मध पहिल्या वाढदिवसानंतर द्या. ज्येष्ठांची समजूत घालायला ही तडजोड बरी पडते.

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्या घशाला आराम देतात. वाफेने चोंदलेले नाक मोकळे वाटते. विषाणू मात्र मरत नाही. करोनाच्या काळात दिवसातून पाच-पाच वेळा वाफ घेण्याची पद्धत पडली आणि उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर उलटून भाजलेली मुलेही दिसू लागली. मुलांना पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका. नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब पुरतात.

हळदीच्या दुधाबद्दल हमखास विचारले जाते, "अमेरिकेने पेटंट घेतले होते ना?" घेतले होते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याला अभिमान वाटावा असाच तो लढा होता. पण पेटंट रद्द झाले ते 'ही गोष्ट नवीन नाही, भारतात आधीपासून माहीत आहे' या कारणाने. हळदीने कोणता आजार किती बरा होतो, हा प्रश्न तिथे निकाली निघालेला नाही. हळदीतले करक्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. दूध-हळद प्या, बरे वाटते. हळदीच्या अर्काच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेण्याची गोष्ट वेगळी आहे. त्यांतल्या काहींमुळे यकृताला सूज आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला हा घरगुती उपायांचा विषय राहत नाही. बेडका तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. ३ महिन्यांखालील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या.

बाळगुटी आणि कापूर

सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड यांचे वेढे उगाळून दिलेली गुटी अनेक घरांत अजून चालते. मी ती देऊ नका असेच सांगते, आणि त्याची कारणे आजीला नीट समजावून सांगते. पहिले, ६ महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. दुसरे, सहाण, उगाळायचे पाणी आणि वर्षभर डबीत राहिलेल्या मुळ्या जंतुविरहित नसतात; बाळाच्या जुलाबाचे कारण कधीकधी तिथेच सापडते. तिसरे, 'जायफळ दिले की शांत झोपते' ही तर धोक्याचीच खूण आहे. जायफळ जास्त झाले की मूल गुंगीत जाते, आणि वेढ्यांचे माप रोज सारखे राहत नाही.

कापराबाबत मी याहून कडक आहे. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि लहान मुलाला त्यासाठी अगदी थोडा पुरतो. कापूर खोबरेल तेलात विरघळवून छातीला चोळणे, पोटली पाळण्याला बांधणे हे २ वर्षांखालील मुलांसाठी टाळा. देवघरातली कापराची डबी मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. वड्या साखरेसारख्या दिसतात. निलगिरीच्या तेलालाही हेच लागू आहे. नाकात तेला-तुपाचे थेंब सोडल्याने ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून तेही नको.

काढे, रस आणि 'कावीळ उतरवणे'

काढ्यात ज्येष्ठमध घालण्याची पद्धत आहे. घसा बसला असताना एक तुकडा चघळला तर हरकत नाही. रोज, आठवडेच्या आठवडे घेतला तर ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाब असलेले, लघवीच्या गोळ्या चालू असलेले, हृदयाचे रुग्ण आणि गर्भवती यांनी तो टाळावा. गोळ्या वेळेवर घेऊनही रक्तदाब उतरत नसेल, तर तुमच्या काढ्यात काय काय आहे हे डॉक्टरांना सांगा.

दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तो ओतून द्या. 'कडू म्हणजे औषधी' असे म्हणून दुसऱ्या रसात मिसळून तो पिणे जिवावर बेतू शकते. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांत कधीकधी कुकरबिटासिन नावाचे कडू द्रव्य वाढते. त्यामुळे रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणे हे सगळे काही तासांत होऊ शकते. भारतात यामुळे मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती, आणि कडू रस पिऊ नये हाच तिचा सल्ला होता. किसण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. ही साधी सवय आपल्या आज्यांना होती.

गुळवेलीचेही तसेच आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवले. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही शक्यता सारख्याच अडचणीच्या आहेत. यकृताचा आजार, थायरॉइड किंवा सांधेदुखीचा स्वप्रतिकार आजार असेल तर स्वतःच्या मनाने गुळवेल घेऊ नका. सोसायटीच्या कुंपणावरून तोडलेली तर नकोच.

मेथीदाणे आणि कारल्याचा रस यांनी रक्तातली साखर थोडी खाली येते. म्हणूनच ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना ते अचानक सुरू केले तर साखर गरजेपेक्षा जास्त उतरू शकते: घाम, थरथर, धडधड, गोंधळ. मेथी घ्यायची तर घ्या, पण डॉक्टरांना सांगून आणि साखर मोजत. गोळी सोडून मात्र कारल्यावर राहू नका. इसबगोल बद्धकोष्ठावर उत्तम आहे, पण ग्लासभर पाण्यासोबतच. कोरडे किंवा घोटभर पाण्यात घेतले तर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकते.

आता कावीळ. कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. डोळे पिवळे का झाले, याची कारणे अनेक. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे त्या काळात जो उपाय केला असेल त्याला श्रेय मिळते: माळ, मंत्र, मुळीचा रस, नाकात थेंब टाकून 'पिवळे पाणी काढणे'. ते पिवळे पाणी यकृतातून येत नाही. तीव्र रसाने नाकाच्या आतल्या त्वचेची आग होऊन तिथूनच ते गळते. माळ घातल्याने कोणाचे वाईट होत नाही, पण ज्याची कावीळ पित्तखड्याने, औषधाने किंवा गाठीने झाली आहे त्याचे हातचे आठवडे निघून जातात. गर्भवतीला हिपॅटायटिस ई झाला तर तो जीवघेणा ठरू शकतो. डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. झोपेचे चक्र उलटे झाले, बोलण्यात गोंधळ आला, रक्तस्राव झाला तर थेट रुग्णालय गाठा. तेल-तूप पूर्ण बंद करून उसाच्या रसावर राहण्याचीही गरज नाही. भूक लागेल तसे साधे जेवण द्या. रस्त्यावरच्या उसाच्या रसातला बर्फ तर कित्येकदा काविळीचे मूळच असतो.

भाजले तर टूथपेस्ट, शाई, पीठ, तूप यांपैकी काहीही लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली भाजलेला भाग २० मिनिटे धरा, बर्फ नको. कुत्रा चावला तर जखमेत मिरची, चुना किंवा हळद भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. ओरखडा लहान आहे, कुत्रा घरचाच आहे, म्हणून वाट पाहू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचवणारा उपाय जवळजवळ नाही.

डब्यातला खाऊ

इथे मला फारसे अडवायचे नाही. बिस्किटे, फरसाण आणि पाकिटातल्या चिप्सपेक्षा आपल्याकडचा जुना खाऊ कितीतरी बरा: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, उकडलेल्या शेंगा, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीची भाकरी किंवा आंबील, वाफवलेली मटकी, थालीपीठ, भाजक्या पोह्यांचा चिवडा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात किंवा गव्हात त्याच्या जवळपासही नाही.

प्रश्न मापाचा आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ते ८ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि १७० कॅलरीही. टीव्ही पाहता पाहता तीन मुठी सहज होतात. कडवट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे फेकून द्या. 'भाजले की चालतात' हे खरे नाही, बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पुरते जात नाही आणि ते यकृताचे नुकसान करते. ४-५ वर्षांखालील मुलाला अख्खे दाणे, फुटाणे देऊ नका. श्वासनलिकेत अडकलेला दाणा काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. कूट करून द्या.

"साखर सोडली, आता गूळच खातो," हे मधुमेहाचे रुग्ण फार समाधानाने सांगतात. गूळ, मध, खजूर, काकवी या सगळ्यांनी रक्तातली साखर वाढतेच. गुळात थोडे लोह असते, पण जेवढ्या गुळातून ते पुरेसे मिळेल तेवढा गूळ मधुमेहात खाता येणार नाही. 'बिनसाखरेचा' खजुराचा लाडू हा गोडाचाच लाडू आहे. एखादा खा, जेवणानंतर खा, आणि त्या दिवशीचा भात कमी करा. रक्त कमी असेल तर लोहासाठी पालेभाजी, डाळी, हळीव खाताना वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहाने लोहाचे शोषण कमी होते.

कच्ची मोडाची कडधान्ये गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी वाफवून खावीत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते.

किडनीच्या रुग्णांनी मात्र हा भाग नीट वाचा. नारळपाणी, केळी, खजूर, फळांचे रस, टोमॅटो यांत पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाची किडनी ते बाहेर टाकते. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर ते साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. किडनीचा आजार असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबासाठी ते बदलून काही साधत नाही, उलट आयोडीन हुकते. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाजी बंद करू नये, पण आठवड्याला साधारण सारखीच ठेवावी. एका आठवड्यात मुळीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज, असे झाले की गोळीचे गणित चुकते.

खिडकीतल्या कुंड्या

दिवसाला ४-५ तास ऊन येणारी खिडकी किंवा गॅलरी असेल तर कोथिंबीर, मेथी, पुदिना, मिरची, गवती चहा, पानओवा, तुळस, कढीपत्ता हे सगळे कुंडीत येते. कढीपत्त्याला १२ ते १४ इंचांची कुंडी द्या, बाकीच्यांना लहान चालते. मेथी तर पसरट ट्रेमध्ये दोन-तीन आठवड्यांत खुडायला तयार होते. निवृत्तीनंतर उदास झालेल्या, घरातून बाहेर न पडणाऱ्या रुग्णांना मी कुंड्या लावायला सांगते. सकाळचे ऊन मिळते, वाकणे-उठणे होते आणि भाजी ताटात येते. भाजी लावायला रंगाचे जुने डबे घेऊ नका, जुन्या रंगात शिसे असू शकते.

औषधी झाडांबाबत थोडे. कोरफडीचा पारदर्शक गर कोरड्या त्वचेला चांगला, पण सालीखालचा पिवळा चीक तीव्र रेचक आहे. पात उभी धरून तो निथळू द्या आणि गर्भवतींनी कोरफड पोटात घेऊ नये. अडुळसाही गर्भारपणात नको, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. शोभेची झाडे लावताना घरात रांगते मूल असेल तर कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा आणि गुंज नकोत. बिट्टीच्या बिया हृदयाचे ठोके थांबवू शकतात. मोठ्या ठिपकेदार पानांचे डिफेनबाकिया चावले तर तोंड-घसा सुजतो.

कुंडीखालची ताटली ही मात्र खरी डोकेदुखी आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात ते यासाठी. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात, म्हणून ताटली घासायची. मनी प्लांटची बाटली, लकी बांबूचा ग्लास, फ्रिजमागचा ट्रे याच यादीत धरा. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवल्या तर आणखी बरे.

आणि डेंग्यू झालाच, तर पपईच्या पानांच्या रसावर विसंबून रक्ततपासणी लांबवू नका. तापाला पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, पण या आजारात धोक्याचे तास बहुधा तेव्हाच सुरू होतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा लघवी कमी होणे दिसले तर लगेच दाखल व्हा.

मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. गेल्या १० वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल तर घ्या, आणि हातमोजे वापरा. मधुमेहींनी अनवाणी बागकाम करू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा रुतलेला कळत नाही आणि आठवड्याने जखम चिघळते.

शहरात कुंड्यांमागे कबुतरे घरटी करतात. त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. कोरडा खोकला आणि जिना चढताना दम, महिनोन्‌महिने. दम्याच्या औषधाने फरक पडत नाही. असा त्रास असेल तर गॅलरीत कबुतरे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी मारून, मास्क लावून पुसा आणि जाळी बसवून घ्या.

शेवटचे, कीड मारण्यासाठी घरी केलेले तंबाखूचे पाणी. यातले निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते आणि मुलाच्या पोटात थोडे गेले तरी विषबाधा होते. त्यापेक्षा साबणाच्या पाण्याची फवारणी करा. निंबोळी तेल वापरत असाल तर तेही कुलपात ठेवा, लहान मुलाने ते प्यायले तर झटके येऊ शकतात. यांपैकी काहीही शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. मुलाने चुकून प्यायलेच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि ती बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.